भरल्या गाडीचा उजेड

दिवाळी सरली की नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची रात्र बदलते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई या सगळ्या पट्ट्यात दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत उसाची वाहतूक चालू राहते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी लोंबणारे वाढे, आणि मागचा दिवा असलाच तर धुळीने माखलेला. पाथर्डीकडून, बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या बैलगाड्याही याच रस्त्याने कारखान्याकडे जात असतात. त्यांना तर दिवाच नसतो.

याच रस्त्यावर रात्रीचं दुसरं वाहन म्हणजे पिकअप. अकोले तालुक्यातला टोमॅटो, पारनेरचा वाटाणा, घोडेगावच्या बाजारातला कांदा, कुणाचं दूध, कुणाची फुलं. वाशीच्या मार्केटला पहाटे पोचायचं तर माळशेज घाट रात्रीच उतरावा लागतो. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या असतात. इंजिनाकडे मालकाचं लक्ष असतं, टायरकडे असतं. हेडलाइट मात्र बल्ब उडाला तरच आठवतो.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तिथेच गेले. रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीक असले तरी भरलेल्या जुन्या पिकअपला त्यापुढे थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. एकूण ५० ते ५५ मीटर. वेग ८० असेल तर हाच आकडा ८० मीटरच्या वर जातो. आता दुसरी बाजू पाहा. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात, मळक्या रंगाची न चमकणारी वस्तू चांगल्या स्थितीतल्या हेडलाइटनेसुद्धा साधारण ५०-६० मीटरवरच नीट दिसते. म्हणजे सगळं उत्तम असताना ६० च्या वेगाला गाडी जेमतेम थांबते. उजेड निम्म्यावर आलेला असेल तर उसाची ट्रॉली दिसते तेव्हा थांबायची जागा उरलेलीच नसते.

म्हणून हेडलाइट सुधारणं हे काम मला नटवण्या-सजवण्यात मोडणारं वाटत नाही. पण ते करताना आपल्याकडे सुरुवात नेमकी उलट्या टोकाने होते. दुकानात जायचं, पांढराफेक प्रकाश देणारी एलईडीची जोडी घ्यायची, होल्डरमध्ये बसवायची आणि समोरची भिंत लख्ख दिसली की काम झालं. जुन्या पिकअपचा उजेड कमी होण्याची खरी कारणं बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतात. काही उजेड वायरिंगमध्ये मरतो, काही काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये अडतो, आणि जो बाहेर पडतो तो गाडी भरली की आभाळाकडे जातो. या तीन गळत्या बंद केल्या तर कंपनीने दिलेल्या साध्या बल्बातून पुरेसा उजेड रस्त्यावर पडतो. तिन्ही कामं घराच्या अंगणात होण्यासारखी आहेत.

आधी बल्ब हातात घेऊन बघू. जुन्या पिकअपमध्ये बहुधा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्ट आणि ६०/५५ वॅटचा. हा प्रकार १९७१ साली युरोपात आला आणि अजून जगभर चालतो. त्याआधीच्या साध्या बल्बमध्ये तारेतलं टंगस्टन उडून काचेवर बसायचं आणि बल्ब आतून काळा पडायचा. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनची वाफ ते उडालेलं टंगस्टन पकडून पुन्हा तारेकडे नेते. त्यासाठी बल्बची भिंत अडीचशे अंशांहून जास्त तापलेली राहावी लागते, म्हणून बल्ब छोटा आणि क्वार्ट्झच्या काचेचा. त्या काचेला बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथेच ती कमजोर होते. बल्ब नेहमी पत्र्याच्या बुडाला धरून बसवायचा. काचेला बोट लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्यायचा.

उजेडाकडे धरल्यावर या बल्बात दोन तारा दिसतात. मागची, बुडाजवळची, अप्परची, म्हणजे वरच्या झोताची. पुढची डिपरची, आणि तिच्या खाली नखाएवढा पत्र्याचा कप. सगळी करामत त्या कपात आहे. डिपरची तार रिफ्लेक्टरच्या केंद्राच्या थोडी पुढे असते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेला तिचा प्रकाश खाली, रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. तो कप अडवतो. कपाची एक कड १५ अंशांनी तिरकी कापलेली असते. तिच्यामुळे आपल्याकडच्या गाडीचा झोत उजवीकडे सपाट कापलेला राहतो आणि डावीकडे थोडा वर चढतो. उजवीकडून समोरचं वाहन येतं, डावीकडे रस्त्याच्या कडेने माणसं चालतात. रामनवमीला सिन्नरकडून शिर्डीला निघालेले पदयात्री, ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर नगरवरून कर्जतकडे जाणारे वारकरी, पहाटे डेअरीला किटली घेऊन निघालेला पोरगा, हे सगळे त्या डाव्या चढत्या झोतात दिसतात. तार, कप आणि रिफ्लेक्टर यांच्यातलं हे नातं मिलिमीटरच्या अंशांत जमवलेलं असतं. हेडलाइटमध्ये काहीही बदलायचं असेल तर हे आधी ध्यानात असू द्यावं.

काचेचं काम सोपं आहे, म्हणून ते आधी. जुन्या गाडीला खरी काच असेल तर ती पिवळी पडत नाही, पण वर्षानुवर्षं उडणाऱ्या खडी-वाळूने तिच्यावर बारीक टवके पडतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काच धरली की ते दिसतात. प्लॅस्टिकची काच असेल तर तिच्यावरचा संरक्षक थर उन्हाने जातो आणि मग पॉलिकार्बोनेट पिवळं, धुरकट होतं. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, आधी १००० नंबर, मग २०००, मग ३०००, असं घासून पॉलिश मारलं तर ती स्वच्छ होते. पण वरून अतिनील किरण अडवणारा लॅकर मारला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात काच पहिल्यासारखीच होते. टूथपेस्टने घासण्याचा जो उपाय सगळीकडे सांगतात, तो याच कारणाने टिकत नाही.

रिफ्लेक्टरच्या बाबतीत मात्र हात आवरता घ्यावा. आतला चकचकीत थर ॲल्युमिनियमचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो. फडक्याने पुसलात तर धुळीबरोबर तोही निघून येतो. फुंकरीने किंवा हवेच्या हलक्या झोताने धूळ काढावी, तेवढंच. बल्बच्या मागची रबरी टोपी फाटली असेल तर लगेच बदलावी, कारण शेतरस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातली वाफ तिथूनच आत शिरते. रिफ्लेक्टर राखाडी झाला असेल, कडेने गंज चढला असेल, तर पूर्ण असेंब्ली बदलणं हाच इलाज आहे. नवी घेताना ती डाव्या बाजूने चालणाऱ्या देशासाठी बनलेली आहे ना हे पाहावं. आखाती देशांच्या किंवा अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या हेडलाइटचा झोत उजवीकडे वर चढतो. तो इथे थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाईल.

आता मुख्य काम, वायरिंगचं. ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला हे चटकन कळेल. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत अरुंद, जुनी, ठिकठिकाणी सांधलेली पाइपलाइन नेली आहे. मोटार कितीही जोर लावो, दाब वाटेतच संपतो आणि वाफ्यात धार पडत नाही. हेडलाइटला बॅटरीपासून मिळणाऱ्या व्होल्टचंही असंच होतं. डिपरचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपियर घेतात, अप्परचे १०. जुन्या गाड्यांमध्ये हा सगळा करंट बॅटरीपासून फ्यूजबॉक्स, लाइटचं बटण, स्टिअरिंगजवळचा डिपर स्विच, दोन-चार कपलर आणि तिथून पुन्हा पुढे बल्ब असा फिरून येतो. वायर बारीक, बटणाचे कॉन्टॅक्ट घासलेले, कपलरला हिरवा गंज, आणि बॉडीला लावलेला अर्थ रंगावरच आवळलेला. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट खर्ची पडतात.

थोडे व्होल्ट गेले तर काय बिघडतं, असं वाटेल. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही. तो व्होल्टच्या सुमारे ३.४ व्या घाताने कमी होतो. समजा इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि बल्बपाशी ११.९ पोचतात. व्होल्ट गेले १४ टक्के, पण प्रकाश गेला ४० टक्के. बल्ब नवा, काच स्वच्छ, कंपनी चांगली, तरी ६० टक्केच उजेड. जुन्या गाडीचे पिवळट, मलूल दिवे म्हणतात ते हेच. तार पुरेशी तापत नाही, म्हणून प्रकाश पिवळा पडतो. नव्या बल्बने त्यात काडीचा फरक पडत नाही.

हे मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू, डिपर चालू. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजायचं. निरोगी अल्टरनेटर असेल तर १३.५ ते १४.४ च्या दरम्यान आकडा येतो. तो १३ च्या खाली असेल तर हेडलाइट सोडून आधी पट्टा, अल्टरनेटर आणि बॅटरीचे टर्मिनल बघावेत. मग हेडलाइटच्या मागे जाऊन, होल्डर बल्बला लावलेलाच ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया डिपरच्या पिनेला आणि अर्थच्या पिनेला टेकवायच्या. बल्ब पेटलेला असतानाच मोजणं महत्त्वाचं आहे. होल्डर काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते. पुष्कळ जण इथेच फसतात आणि वायरिंग ठीक आहे असं समजून चालतात.

दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर गळती आहे. ती कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. एक सुई बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी होल्डरच्या डिपर पिनेला लावली की जो आकडा दिसतो तो प्लसच्या वाटेवरचा तोटा. एक सुई होल्डरच्या अर्थ पिनेला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली की अर्थच्या वाटेवरचा. कित्येकदा निम्मा तोटा अर्थमध्येच सापडतो, आणि तो घालवायला खर्च जवळपास काहीच नसतो. अर्थचा बोल्ट काढायचा, खालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत खरवडायचा, नवी थिंबल लावून घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासायचं. शक्य असेल तर प्रत्येक हेडलाइटपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत स्वतंत्र वायर ओढावी.

प्लसच्या बाजूचा तोटा घालवायचा उपाय म्हणजे रिले. काही मॉडेलना कंपनीकडूनच हेडलाइटचे रिले असतात. तिथे कॉन्टॅक्ट साफ करून किंवा रिले बदलून भागतं. ज्यांना नसतात त्यांच्यासाठी दोन रिले, एक डिपरचा, एक अप्परचा. रिलेच्या आतल्या कॉइलला पाव अँपियरपेक्षाही कमी करंट लागतो. स्टिअरिंगजवळचा जुना स्विच आता फक्त तेवढाच वाहतो, आणि बल्बचा ९-१० अँपियरचा भार बॅटरीपासून जाड, आखूड वायरने थेट हेडलाइटला जातो. या कामाचा आणखी एक फायदा आहे. जुना स्विच तापून जळण्याचं, वळणावर अचानक दोन्ही दिवे जाण्याचं कारणच उरत नाही. घाटात दिवे गेलेल्या माणसाला या एका फायद्याची किंमत सांगावी लागत नाही.

कामाला लागण्याआधी बॅटरीची मायनसची वायर काढायची. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. पण त्याआधी एक खात्री करून घ्यावी. लाइटचं बटण बंद असताना होल्डरच्या एखाद्या पिनेवर बॉडीच्या मानाने १२ व्होल्ट दिसतात का? दिसत असतील तर त्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूने काम करतो आणि खालची जोडणी तशीच्या तशी चालणार नाही. तिथे वायरमनला बोलवावं.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात आणि ते सगळीकडे सारखेच असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसकडून येणारी वायर. ८७ मधून निघून दोन्ही हेडलाइटच्या नव्या होल्डरकडे जाणारी वायर. ८५ अर्थला. ८६ ला एका बाजूच्या जुन्या होल्डरमधली डिपरची किंवा अप्परची मूळ वायर. तिनेच रिलेला हुकूम मिळतो. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून बांधून ठेवायचा, कापायचा नाही. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, चांगल्या तांब्याची. बाजारात तयार रिले किट मिळतं आणि ते वापरायला हरकत नाही, पण त्यातली वायर ब्लेडने जराशी सोलून बघावी. वरून जाड दिसणाऱ्या वायरच्या आत कधी चार बारीक तारा असतात, कधी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.

फ्यूजबद्दल तडजोड नको. प्रत्येक रिलेसाठी वेगळा १५ अँपियरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं; तिथे वायर घासून बॉडीला लागली तर आग लागते. दोन वेगळे फ्यूज घेण्याचं कारण असं की डिपरचा उडाला तरी अप्पर पेटता राहतो. रिले बॅटरीजवळ, पाय खाली करून बसवायचे, म्हणजे पाणी आत साचत नाही. वायर लवचिक पाइपात घालून पंखा आणि सायलेन्सरपासून दूर न्यायची. ज्या गाड्या उसाच्या फडाशेजारी किंवा गोठ्याजवळ उभ्या राहतात तिथे उंदीर वायर कुरतडतात, त्यासाठीही हा पाइप उपयोगी. जोड पिळून टेप लावलेले नकोत. थिंबल क्रिंप करून वर हीट श्रिंक स्लीव्ह.

मायनस परत जोडून पुन्हा मोजायचं. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १३.५ आले तर आधी ६० टक्के असलेला प्रकाश आता ९३ टक्क्यांवर आला. तोच बल्ब, तोच रिफ्लेक्टर, आणि उजेड दीडपट. जास्त व्होल्टने बल्बचं आयुष्य घटतं हेही सांगायला हवं. उपाशी बल्ब वर्षानुवर्षं टिकत होता, आता तो ठरल्या वेळी जाईल. म्हणून एक जादा बल्ब डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा.

आता त्या चकाकणाऱ्या दुकानी उपायांकडे वळू. ९०/१०० वॅटचा बल्ब जुन्याच वायरिंगवर लावला तर करंट दीडपटीहून जास्त होतो, वाटेतला तोटाही त्याच प्रमाणात वाढतो, आणि प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. वितळलेले होल्डर कुठल्याही गॅरेजच्या भंगारात सापडतात. निळसर काचेचा बल्ब प्रकाश गाळून पांढरा दाखवतो, म्हणजे असलेला उजेड आणखी कमी करतो.

एलईडीची गोष्ट जास्त नाजूक आहे, कारण एलईडी हे तंत्र म्हणून उत्तम आहे. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं आणि आजच्या नव्या गाड्यांचे एलईडी हेडलाइट खरोखर चांगले असतात. पण ते हेडलाइट मुळापासून एलईडीसाठी घडवलेले असतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बल्ब घातला की गोल तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप येतात. वर सांगितलेला तो नखाएवढा कप काहींमध्ये नावापुरताच असतो. झोताची कड विस्कटते, प्रकाश वर सांडतो आणि लांबचा केंद्रबिंदू फिका पडतो. मागचा पंखा आणि हीट सिंक रबरी टोपीत मावत नाही, मग टोपी काढून टाकली जाते आणि रिफ्लेक्टर धुळीला उघडा पडतो.

तरी गाडीवाल्याला तो बल्ब जास्त उजेडाचा वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. बंपरपुढच्या दहा-पंधरा मीटरांत पांढरा प्रकाश भरपूर पडतो. डोळ्यांची बाहुली त्या उजेडाला जुळवून घेत बारीक होते, आणि मग साठ मीटरवरचा अंधार आणखी गडद होतो. जवळचं लख्ख दिसतं म्हणून वेग वाढतो, आणि नेमकं लांबचं कमी दिसतं. जर्मनीसारख्या काटेकोर देशात २०२० पासून अशा एलईडी बल्बला परवानगी मिळाली, पण तीही तपासून मंजूर केलेल्या ठरावीक बल्बला आणि ठरावीक मॉडेलच्या गाड्यांनाच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हेडलाइटसारखा भाग मंजूर करायचा तो चाचणी संस्थेने. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये अशा चाचणी संस्थांची नावं आहेत, आणि त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर आपल्या नगरची व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन प्रयोगशाळाही आहे. ज्या शहरात गाड्या तपासण्याचं एवढं ज्ञान नांदतं, तिथल्या रस्त्यांवर समोरच्याला आंधळं करणारे दिवे सर्रास दिसावेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिलं तिसरं काम, दिव्यांचा रोख. पिकअपच्या बाबतीत मी याला सगळ्यांत वरचं स्थान देईन, कारण मोटारीला न भेडसावणारी एक अडचण पिकअपला रोज येते. माल भरला की मागचे पाटे बसतात आणि नाक वर होतं.

हेडलाइट जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर आहे आणि डिपर १ टक्का खाली झुकवलेला आहे असं धरू. म्हणजे दर मीटरला तो १ सेंटिमीटर खाली जातो आणि ९० मीटरवर रस्त्याला टेकतो. आता कांद्याच्या गोण्या चढल्या आणि मागचा भाग ६ सेंटिमीटर बसला. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल तर गाडी २ टक्के कलली. खाली १ टक्का असलेला झोत आता वर १ टक्का झाला. तो रस्त्याला कधीच टेकत नाही. ५० मीटरवर त्याची कड १.४ मीटर उंचीवर असते, म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारीच्या काचेत आणि मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. बल्ब जितका जोरकस तितका त्रास मोठा. चालकाला स्वतःला रस्ता अंधारा दिसतो, म्हणून तो अप्पर लावतो. समोरचा चिडून अप्पर मारतो, आणि अरुंद रस्त्यावर दोघंही काही क्षण न पाहता एकमेकांच्या बाजूने जातात.

नव्या गाड्यांना डॅशबोर्डवर झोत खाली-वर करायचं छोटं चाक असतं. जुन्या पिकअपला नसेल तर रोख भरल्या गाडीवरच लावायचा. रात्री नेहमी जेवढा माल असतो तेवढा चढवायचा, चारही टायरची हवा तपासायची, चालकाच्या जागी माणूस बसवायचा. जागा सपाट हवी. गोदामाची किंवा शाळेची पांढरी भिंत आणि पुढचं काँक्रीट चांगलं. गाडी भिंतीला अगदी जवळ नेऊन दोन्ही हेडलाइटच्या मध्यबिंदूंची उंची खडूने भिंतीवर खुणावायची. मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्यायची. एक हेडलाइट गोणपाटाने झाकून दुसऱ्याचा डिपर पेटवायचा. झोताची सपाट कड खडूच्या खुणेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, आणि जिथून ती डावीकडे चढायला लागते तो कोपरा त्याच हेडलाइटच्या समोर आला पाहिजे. हेडलाइटच्या मागे किंवा कडेला दोन स्क्रू असतात, एक खाली-वर करणारा, एक आडवा. अर्धा-अर्धा फेरा फिरवत, थांबून बघत जुळवायचं.

यात तडजोड आहे, ती मान्य करावी लागते. भरल्यावर नीट बसवलेला झोत रिकाम्या गाडीला ३० मीटरवरच रस्त्याला टेकतो. परतीच्या रिकाम्या फेरीला वेग तेवढाच बेताचा ठेवावा. दोन्ही फेऱ्या रात्रीच्या असतील तर रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या जागा स्क्रूवर रंगाने खुणावून ठेवता येतात. सवय झाली की माल उतरल्यावर ते दोन मिनिटांचं काम होतं. फरक फारच मोठा येत असेल तर दुखणं हेडलाइटचं नाही. पाटे थकले आहेत. ते उतरवून कमान देऊन घ्यावी किंवा बदलावे. माल कॅबिनच्या बाजूला सरकवून भरला तरी कल बराच कमी होतो.

सगळं झाल्यावर एक तपासणी उरते, आणि ती थेट कायद्यातून घेतलेली आहे. नियम १०६ म्हणतो की दिव्यापुढे ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झोताने दिपता कामा नये. टेपने ८ मीटर मोजावेत आणि डोळे दीड मीटरवर येतील इतकं वाकून उभं राहावं. डिपरकडे बघून गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी करावं लागतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी हे एकदा केलं तर नगर किंवा श्रीरामपूरच्या आरटीओत दिव्यांवरून परत फिरावं लागत नाही. आणि घरातल्या कुणालातरी त्या जागी उभं करून गाडी चालवणाऱ्यानेही एकदा पाहावंच, कारण आपलाच दिवा समोरून कसा दिसतो हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

मीटर, पॉलिश पेपर आणि पाने बाहेर काढलेलेच असतात, तेव्हा त्याच दिवशी मागची बाजूही आटपावी. मागच्या दिव्यांचे अर्थ त्याच पद्धतीने साफ होतात. नियम १०४ प्रमाणे पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक टेप लावायची. घरात उसाची ट्रॉली असेल तर तिलाही. ट्रॉलीवर ती वरच्या फळीला लावली की लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकून जाते. म्हणून ती खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर, चाकाच्या उंचीला लावावी, आणि चिकटवण्याआधी तिथली मळी-माती रॉकेलने पुसून पत्रा कोरडा करून घ्यावा, नाहीतर पहिल्याच खेपेला ती गळून पडते.